परक्याचें तेल आणि आपलें पाणी

सोलापुराहून पुण्यास जातांना वाटेवर पाकणी हें गांव लागतें. तेथील तेलाच्या अवाढव्य टांक्या बहुतेकांनीं पाहिल्या असतील. मुंबईहून पुण्यावरून जमिनीखालून आलेली तेलवाहिनी तेथें संपते, व तेथून टँकर भरून निघतात. आपल्या शहराचे टॉवेल आणि चादरी ज्या ट्रकांनीं परगांवीं जातात, मंगळवेढ्याची ज्वारी ज्या गाड्यांनीं बाजारांत येते, उसाच्या मोळ्या ज्या ट्रॅक्टरांनीं कारखान्यापर्यंत ओढल्या जातात, त्यांच्या पोटांत जाणारें तेल असेंच लांबून येतें.

परंतु पाकणी हें ह्या वाटेचें शेवटचें टोंक होय. तिचें पहिलें टोंक इराक, सौदी अरेबिया, रशिया अशा परदेशांच्या विहिरींत आहे. १९७४ सालीं मुंबईजवळ समुद्राच्या तळाशीं तेल लागलें, तेव्हां आतां आपण स्वावलंबी होणार अशी आशा पुष्कळांस वाटली. ती आशा वाढत्या गरजेनें गिळून टाकली. २०२३-२४ सालीं भारतानें सुमारें २३ कोटी टन खनिज तेल बाहेरून विकत घेतलें व त्यासाठीं तेरा हजार कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजली. देशांत जें तेल लागतें त्याच्या शंभर भागांपैकीं सुमारें अठ्ठ्याऐशीं भाग परक्याचे आहेत.

कोणी म्हणेल, रोख पैसे देऊन माल घेतला तर त्यांत परावलंबन तें कसलें? बाजारांत मीठ घेतों, तसेंच तेल. यास इतिहासाचें उत्तर आहे. १९७३ सालीं पश्चिम आशियांत युद्ध पेटलें आणि कांहीं महिन्यांतच तेलाचा भाव सुमारें चौपट झाला. १९९० च्या ऑगस्टांत इराकनें कुवेतवर स्वारी केली. भाव पुन्हां भडकले, आखातांतील लाखाहून अधिक भारतीयांस मायदेशीं आणावें लागलें, आणि आपली परकीय चलनाची थैली रिकामी होत आली. तेल हें त्या संकटाचें एकच कारण नव्हतें, परंतु तेलानें त्यास धार आणली यांत शंका नाहीं. १९९१ च्या जुलैंत रिझर्व्ह बँकेस सुमारें ४७ टन सोनें बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवावें लागलें. अडीनडीस ज्या माउलीनें कधीं हातांतल्या पाटल्या गहाण ठेवल्या असतील, तिला या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. मीठ एका दुकानीं नाहीं मिळालें तर दुसऱ्या दुकानीं मिळतें. तेलाचें तसें नाहीं. दूरच्या दोन राष्ट्रांचें भांडण जुंपलें कीं आपल्या भाजीच्या भावास त्याची झळ लागते. युक्रेनच्या युद्धानें २०२२ सालीं हा धडा आणखी एकदां गिरवून घेतला.

तेव्हां रोग स्पष्ट आहे. आतां औषधाचा विचार करूं.

सोलापूर जिल्ह्यानें ह्या रोगावर एक औषध पूर्वींच सुचविलें आहे, तें म्हणजे ऊस. महाराष्ट्रांत सर्वांत अधिक साखर कारखाने ह्याच जिल्ह्यांत आहेत. उसाच्या मळीपासून व रसापासून इथेनॉल काढतात, तें पेट्रोलमध्यें मिसळतात, व तेवढें पेट्रोल वांचतें. २०२२ च्या जूनमध्यें देशानें शेंकडा दहा मिश्रणाचा टप्पा गांठला, आणि २०२५ सालीं शेंकडा वीसचा. या कामांत आपल्या शेतकऱ्याचा व कारखान्याचा वांटा मोठा आहे, आणि परदेशीं जाणारा पैसा त्यांच्या घरीं आला याचा आम्हांस आनंदच वाटतो. मळी ही साखर काढून उरलेली वस्तु आहे. तिचें इंधन करण्यास कोणीही नांव ठेवूं नये.

परंतु मळी संपली आणि रसच इंधनाकडे वळूं लागला म्हणजे दुसरा हिशेब उभा राहतो. तो पाण्याचा. नीति आयोगानें २०२१ सालीं इथेनॉलविषयीं जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत म्हटलें आहे कीं एक टन उसापासून सुमारें ७० लिटर इथेनॉल मिळतें, आणि उसाच्या साखरेपासून केलेल्या एका लिटर इथेनॉलमागें सुमारें २,८६० लिटर पाणी खर्चीं पडतें. हा आंकडा पंजाबांत वाचला तर कदाचित् कोणी पान उलटील. सोलापुरांत तो वाचून थांबावें लागतें. ज्या शहरांत नळास पाणी किती दिवसांआड येणार हा प्रश्न वर्षानुवर्षें घराघरांत विचारला गेला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत ज्याच्या उजनी धरणाचें पाणी मृतसांठ्यांतही फार खोल उतरलें होतें, त्या शहरास पाण्याचा हिशेब टाळतां येत नाहीं. पाऊस कमी झाला तेव्हां खुद्द सरकारासही तो टाळतां आला नाहीं: २०२३ च्या डिसेंबरांत उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले, व पुढील वर्षीं ते उठविण्यांत आले. जें इंधन पावसाच्या लहरीवर चालतें, तें परक्याच्या लहरीवरून काढून मेघाच्या लहरीवर ठेवलेलें परावलंबनच नव्हे काय?

याच ठिकाणीं हायड्रोजनचा विचार उपयोगी पडतो. हायड्रोजन हा सर्वांत हलका वायु. पाण्यांतून विजेचा प्रवाह नेला म्हणजे पाणी फुटतें व त्यांतून हायड्रोजन आणि प्राणवायु वेगळे होतात, हें वरच्या वर्गांतील मुलें प्रयोगशाळेंत पाहतातच. आतां ह्याच्या उलट करावयाचें: हे दोन वायु पुन्हां एकत्र येऊं द्यावयाचे, पण ज्वाळा न करतां, एका पातळ पडद्याच्या दोन अंगांनीं. एका अंगास हायड्रोजन येतो. तेथें प्लॅटिनमच्या सूक्ष्म थरावर त्याच्यांतील विद्युत्कण सुटे होतात. ते पडद्यांतून जाऊं शकत नाहींत, म्हणून तारेच्या वाटेनें पलीकडे जातात. तारेंतील ही धांव म्हणजेच वीज. पलीकडे प्राणवायूशीं मिलन होऊन पाणी बनतें. ह्या उपकरणास इंधनपेटी म्हणूं. हिच्या विजेनें मोटारीचीं चाकें फिरतात, आणि नळींतून धुराऐवजीं पाण्याची वाफ बाहेर पडते.

ही युक्ति कालपरवांची नव्हे. विल्यम ग्रोव्ह नांवाच्या वेल्समधील गृहस्थानें १८३९ सालीं तिचें मूळ दाखविलें. हे गृहस्थ धंद्यानें वकील होते व पुढें न्यायाधीश झाले. जे. बी. एस. हाल्डेन यांनीं १९२३ सालीं केंब्रिज येथें व्याख्यान देतांना सांगितलें होतें कीं कोळसा संपल्यावर पवनचक्क्यांच्या विजेनें पाणी फोडून हायड्रोजन सांठवावा लागेल. हेच हाल्डेन पुढें भारतांत येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. अमेरिकेचे अपोलो यानांतील प्रवासी चंद्राकडे गेले तेव्हां त्यांची वीज अशाच पेट्यांतून येत होती, आणि त्या पेट्यांत तयार झालेलें पाणी ते पीत होते. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचें रेशनिंग झालें, तेव्हां मोटारींच्या पाठीशीं भट्टी बांधून लोणारी कोळशाच्या वायूवर त्या चालविल्या गेल्या. त्या वायूंतही हायड्रोजनचा अंश होताच. गरज पडली म्हणजे आपला मिस्त्रीही मार्ग काढतो, एवढें त्यावरून दिसतें.

आजची गोष्ट सांगावयाची तर ती आपल्या शेजारच्या पुण्याची आहे. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कराईकुडीची विद्युत्-रसायन संशोधन संस्था आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनीं मिळून देशी इंधनपेटी तयार केली. २०२० च्या ऑक्टोबरांत ती मोटारींत बसवून चालवून पाहिली, व २०२२ च्या ऑगस्टांत तिच्यावर चालणारी बस पुण्यांत लोकांपुढें आणली. २०२३ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी दिली व २०३० पर्यंत दरवर्षीं पन्नास लाख टन हायड्रोजन निर्मिण्याचें ध्येय ठरविलें. २०२५ च्या मार्चमध्यें बसगाड्या व ट्रक मिळून ३७ वाहनांच्या प्रायोगिक योजना मंजूर झाल्या. त्यांच्या मार्गांत पुणें-मुंबई हा मार्गही आहे.

हें ऐकून सोलापूरकर स्वाभाविकच विचारील, "अहो, हायड्रोजन पाण्यापासून करावयाचा, आणि आम्हांस तर प्यावयास पाण्याची वाण! मग हें औषध रोगापेक्षां वाईट नाहीं का?" प्रश्न योग्य आहे, म्हणून मुलांनीं पाटी घेऊन आमच्याबरोबर हिशेब करावा.

एक किलो हायड्रोजनसाठीं नऊ लिटर पाणी फुटतें. पाणी शुद्ध करतांना जें वायां जातें तें, आणि यंत्र थंड ठेवण्यास जें लागतें तें धरून हा आंकडा वीस-तीस लिटरांवर जातो. तीसच धरूं. एका किलोवर इंधनपेटीची मोटार सुमारें शंभर किलोमीटर चालते. आतां तेवढेंच अंतर निव्वळ इथेनॉलवर जावयाचें तर साध्या मोटारीस सुमारें दहा लिटर इथेनॉल लागेल. तें उसाच्या रसाचें असल्यास वरील प्रमाणानें अठ्ठावीस हजार सहाशें लिटर पाणी झालें. एकीकडे तीस लिटर, दुसरीकडे अठ्ठावीस हजार सहाशें! उसास लागणाऱ्या पाण्यांत पावसाचाही भाग असतो, उसापासून चिपाडेंही मिळतात, हें सर्व मान्य करून वजाबाकी केली तरी अंतर बुजण्यासारखें नाहीं.

जमिनीचा हिशेबही असाच आहे. एकरीं चाळीस टन ऊस धरला तर त्याच्या रसाचें इथेनॉल अठ्ठावीसशें लिटर होईल व मोटार अठ्ठावीस हजार किलोमीटर जाईल. त्याऐवजीं एक एकर खडकाळ माळावर सूर्याच्या उन्हापासून वीज करणारीं तावदानें मांडलीं, तर दिवसास सरासरी आठशें युनिट वीज धरतां येईल. एक किलो हायड्रोजनास पंचावन्न युनिट लागतात असें धरल्यास त्या एका एकरावर मोटार वर्षांत पांच लाख किलोमीटरांहून अधिक चालेल. आणि त्या माळास पाटाचें पाणी नको. सोलापूरच्या ज्या उन्हाला आपण चैत्र-वैशाखांत नांवें ठेवतों, तें ऊन ही आपली न खोदलेली खाण आहे.

असो. येथवर हायड्रोजनची बाजू मांडली. परंतु एकच बाजू मांडून मुलांच्या हातीं पताका देणें हें शिक्षकाचें काम नव्हे. ह्या वायूच्या तीन उणिवा आहेत, त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

पहिली उणीव अशी कीं हायड्रोजन हा कोठें खाणींतून भरून आणण्याजोगा सांठा नव्हे. तो दुसरी शक्ति खर्चून करावा लागतो. आज जगांतील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि आपल्या देशास लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकीं जवळजवळ निम्मा बाहेरून येतो. तशा हायड्रोजनवर मोटार चालविणें म्हणजे एका सावकाराचें कर्ज दुसऱ्याकडून उचलून फेडणें. फताटेवाडी-आहेरवाडीच्या औष्णिक केंद्रांतील १,३२० मेगावॉट कोळशाच्या विजेनें पाणी फोडलें, तर शहरांतील धूर केंद्राच्या चिमणींतून निघेल, एवढाच फरक. म्हणून हायड्रोजन उन्हावाऱ्याच्या विजेचाच असला पाहिजे.

दुसरी उणीव ही कीं ह्या वाटेनें वीज फार सांडते. वीज देऊन पाणी फोडा, वायु दाबून टांकींत भरा, मग त्याची पुन्हां वीज करा. इतक्या हातांतून जातां जातां शंभर भागांपैकीं तीसच्या आसपास चाकांपर्यंत पोंचतात. तीच वीज सरळ बॅटरींत भरली तर सत्तरच्या आसपास पोंचतात. ज्या पंचावन्न युनिटांनीं हायड्रोजनची मोटार शंभर किलोमीटर जाते, तेवढ्यांत बॅटरीची लहान मोटार तीनशें किलोमीटरांहून पुढें जाईल. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत हायड्रोजनच्या खासगी मोटारींचा मोठा गाजावाजा झाला. परंतु २०२४ सालीं शेल कंपनीनें तेथील आपलीं लहान मोटारींचीं हायड्रोजन भरण्याचीं ठिकाणें बंद केलीं. गिऱ्हाईक थोडें, भाव चढा, पुरवठा अनियमित, अशी ती स्थिति होती.

तिसरी उणीव खर्च व जोखीम यांची. ह्या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. त्याची ज्वाळा दिवसा दिसतही नाहीं. आणि मोटारीच्या टांकींत तो हवेच्या दाबाच्या सातशें पट दाबानें भरावा लागतो. १९३७ सालीं हिंडेनबर्ग हें हायड्रोजननें भरलेलें विमान जळून ३६ माणसें मेलीं, ती आठवण जग विसरलेलें नाहीं. पेट्रोलही जळतेंच व सवयीनें आपण तें हाताळावयास शिकलों, हें खरें. परंतु ती सवय शिक्षणानें व कडक नियमांनींच लागते. शिवाय पेटीस लागणारें प्लॅटिनम बहुतांशीं दक्षिण आफ्रिकेंतून येतें. पेटी देशांत करावयास शिकलों नाहीं, तर तेल सोडून यंत्रासाठीं परक्याच्या दारीं उभे राहूं.

मग आमचें मत काय? तें असें. हायड्रोजन हें तेलाच्या परावलंबनावर खरें औषध आहे, परंतु तें ज्याच्या त्याच्या मात्रेनें दिलें पाहिजे. दूध आणावयास, कचेरीस, शाळेस जाणारी लहान गाडी बॅटरीवर चालावी. तेथें हायड्रोजन ही उधळपट्टी होईल. परंतु पंधरा-वीस टन माल घेऊन सोलापुराहून मुंबईस जाणाऱ्या ट्रकास तेवढें अंतर तोडणारी बॅटरी वाहणें म्हणजे मालाची जागा व वजन गमावणें, आणि ती भरण्यास तासन्‌तास खोळंबून राहणें होय. अशा ट्रकास व रात्रंदिवस धांवणाऱ्या लांब पल्ल्याच्या एस. टी. गाडीस हायड्रोजन शोभतो, कारण टांकी थोड्या वेळांत भरते व हलकी असते. आपल्या देशांत डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तेलाची खरी गळती कोठें आहे तें कळतें. श्रीमंताच्या दारापुढें उभी राहणारी हायड्रोजनची मोटार छायाचित्रांत चांगली दिसेल. देशाचें सोनें मात्र ट्रक आणि एस. टी. वांचवितील.

दुसरें, मोटारींच्याही आधीं हायड्रोजन खतास लागतो. शेतकरी जें युरियाचें पोतें खांद्यावर घेतो, त्यांतील अमोनिया नैसर्गिक वायूच्या हायड्रोजनपासून झालेला असतो. तो हायड्रोजन उन्हाच्या विजेचा झाला, तर चाक न फिरवितांही परावलंबन कमी होईल.

तिसरें, सोलापुरानें केवळ ऊस देणारा जिल्हा म्हणून राहूं नये. कारखान्यांस यंत्रें चालविण्याचा अनुभव आहे, चिपाडांपासून वीज करण्याचा सराव आहे, सहकाराची परंपरा आहे, आणि भोंवतालीं मुबलक ऊन आहे. त्यांनीं मळीचें इथेनॉल अवश्य करावें. परंतु नवा पैसा घालतांना उसाचें क्षेत्र वाढविण्याऐवजीं माळावरच्या विजेकडे व तिच्यापासून होणाऱ्या हायड्रोजनकडे पाहावें. आणि त्यासाठीं उजनीचें पिण्याचें पाणी मागूं नये. शहराचें सांडपाणी शुद्ध करून तें ह्या कामास वापरावें, असा नियम प्रथमच घालून द्यावा. मागाहून घातलेला नियम कोणी पाळीत नाहीं, हें आपण अनेकदां पाहिलें आहे.

पालकवर्गास आमची विनंती एवढीच कीं, घरीं महिन्यास किती पेट्रोल जातें याची नोंद मुलांकडून ठेववावी. किराण्याची वही जशी असते, तशी ही एक वही असावी. जेथें पायीं किंवा सायकलनें जातां येतें तेथें मोटारसायकल काढूं नये. न जाळलेल्या तेलाएवढें स्वदेशी इंधन दुसरें नाहीं. त्यास ना कारखाना लागतो, ना पाणी.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस हा विषय परीक्षेपुरता नव्हे. पेन्सिलींतील शिशाच्या दोन कांड्या, एक लहान बॅटरी व धुण्याचा सोडा घातलेलें पेलाभर पाणी घेऊन शिक्षकांच्या देखरेखीखालीं प्रयोग करून पाहा. एका कांडीवर बुडबुडे अधिक येतील, दुसरीवर कमी. अधिक कोठें आणि कां, हें पुस्तक न पाहतां सांगण्याचा प्रयत्न करा. तुम्ही मिळविते व्हाल तेव्हां ह्या यंत्रांचे कारखाने निघालेले असतील. त्यांत परदेशाहून आलेल्या पेट्या उघडून बसविणारे हात सोलापूरचे असावेत, कीं त्या पेट्या मुळांत घडविणारी बुद्धि सोलापूरची असावी, हें आज रसायनाच्या आणि गणिताच्या तासाला ठरत आहे. आमची इच्छा कोणती आहे, तें निराळें सांगण्याची गरज नाहीं.